प्रेमिलाबाईंचा लाल खडू

उत्तर नागपुरातल्या प्रज्ञानगर वस्तीत सकाळी साडेसहाला दोन गोष्टी व्हायच्याच. एक, नळ यायचा. दुसरी, प्रेमिला मेश्राम विहाराच्या भिंतीवरचा फळा ओल्या फडक्यानं पुसायच्या. नळ एखाद्या दिवशी दगा द्यायचा, बाईंनी बावीस वर्षांत एकदाही दिला नव्हता. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा त्या फडकं आणि खडू घेऊन हजर होत्या. कोणी काही बोलायला गेलं तर म्हणाल्या, "बातम्या थांबल्या काय जगातल्या? मंग मी काहून थांबू?"

बाईंचे वडील मिलमध्ये होते. संध्याकाळी पाळी सुटली की विहारात बसून ते मिलवाल्यांना पेपर वाचून दाखवायचे. मुलगी शिकली, महापालिकेच्या शाळेत मास्तरीण झाली, तेहतीस वर्षं पोरांच्या पाठीत धपाटे घालून निवृत्त झाली. वाचून दाखवायची खोड मात्र वडिलांकडून आलेली, ती कुठं जाते! विहाराच्या वाचनालयात तीन पेपर येत. बाई ते चहासोबत चाळायच्या, त्यातल्या सात बातम्या निवडायच्या आणि स्वतःच्या शब्दांत फळ्यावर उतरवायच्या. पेपरातलं जसंच्या तसं कधी नाही. "पेपरवाल्यायची भाषा म्हणजे बिनमिठाचं वरण," असं त्यांचं मत. त्यांना शब्द झणझणीत लागत. फळा असा पाहिजे, की नळावरच्या बाईची बादली भरून वाहायला लागली तरी तिला कळू नये.

आणि खरं सांगायचं तर त्या बाबतीत पेपरवालेही मागे नव्हते. कुणी पुढारी खुर्चीत बसून चार वाक्यं बोलला की मथळ्यात त्याची तोफ डागली जायची. मोर्चा निघाला की हल्लाबोल. निवडणूक आली की रणशिंग. क्रिकेटमध्ये तर रोजच कोणी कोणाची कत्तल करायचं. बाई त्यातली उत्तम हत्यारं उचलायच्या, वर स्वतःची दोन-चार घालायच्या. एकदा वस्तीच्या कबड्डी संघानं शेजारच्या वस्तीला हरवलं तेव्हा फळ्यावर आलं होतं, "आपल्या पोरांनी मैदानात मुडदे पाडले!" हरलेल्या संघाचा कप्तान स्वतः येऊन हसत हसत वाचून गेला. कोणाचं काही बिघडलं नाही.

फळा मोठ्यानं वाचायचं काम बळीरामचं. हे काम त्याला कोणी दिलं नव्हतं, त्यानंच घेतलं होतं. बळीराम कूलरवाला. साठी ओलांडलेला, अंगानं किरकोळ, बोलणं इतकं हळू की गिऱ्हाईक दोनदा विचारी. कूलरच्या जाळ्यांमध्ये नवं गवत भरायचं, पंप दुरुस्त करायचे, हिवाळ्यात मिळेल ते काम. तिशी उलटेपर्यंत त्याला अक्षर येत नव्हतं. पुढं साक्षरता वर्ग निघाले तेव्हा प्रेमिलाबाईंनी याच भिंतीवर, याच फळ्यावर त्याला वाचायला शिकवलं. तो लाजायचा, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. बाई मागून ओरडायच्या, "जोरात वाच, बळीराम! मागच्याले ऐकू गेलं पाहिजे!" त्याचा परिणाम असा की एरवी जो माणूस स्वतःच्या बायकोशीही कुजबुजत बोलायचा, तो फळ्यासमोर उभा राहिला की खणखणीत आवाज लावायचा. पेपर तो कधी हातात धरायचा नाही. त्याचं सगळं वाचन म्हणजे बाईंचा फळा.

आता खडूंबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पांढरा खडू बातम्यांचा. हिरवा विहाराच्या कार्यक्रमांचा. लाल खडू बाई वेगळ्या डबीत ठेवायच्या आणि वर्षातून दोन-तीनदाच काढायच्या. नाल्याचं पाणी चढायला लागलं तेव्हा लाल खडूनं आलं होतं, "नाल्याकाठची घरं आत्ताच्या आत्ता रिकामी करा." अर्ध्या तासात तीस घरं रिकामी झाली. कोणी विचारलं नाही, कोणी वाद घातला नाही. ट्रान्सफॉर्मरजवळ तार तुटून पडली तेव्हा लाल. कुत्रं पिसाळलं तेव्हा लाल. वस्तीला सवय लागली होती, लाल दिसलं की आधी करायचं, मग विचारायचं. ही सवय लावली कोणी? बाईंनीच. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो असायलाही हरकत नव्हती.

मे महिन्यातला सोमवार होता. सकाळी सातलाच भिंत तापायला लागली होती. तिन्ही पेपरांत एकच मोठी बातमी होती, विजेच्या नव्या मीटरची. लोकांना ते मीटर नको होते, कंपनीला बसवायचे होते, आणि ठेकेदाराची माणसं त्या दिवसापासून उत्तर नागपुरात घरोघरी येणार होती. पेपरांनी नेहमीप्रमाणे युद्ध पेटवलं होतं. बाईंनी पांढऱ्या खडूनं लिहिलं, "नवे मीटर लावायला आजपासून माणसं येतील. ज्यांना नको असेल त्यांनी विहारातून अर्जाचा कागद न्यावा." दोन पावलं मागं सरून वाचलं. छे! हे काय बातमी झाली? हे तर शाळेतलं सूचनेचं रजिस्टर झालं. फडकं फिरवलं. आणि मग, का कोण जाणे, हात लाल खडूच्या डबीकडे गेला.

"मीटरवाल्यांचा आज वस्तीवर हल्ला! दारातच आडवं करा!"

लाल अक्षरं काळ्यावर अशी उठून दिसली, की बाई स्वतःवरच खूष झाल्या. बळीराम आला, त्यानं वाचलं. पहिल्यांदा हळू, मग जोरात. नळावर कोणीतरी "अरे वा!" म्हणालं, कोणी शिट्टी मारली. बाई फडकं झटकून घरी गेल्या आणि पोहे करायला घेतले.

साडेअकराला आरडाओरडा ऐकू आला. बाई बाहेर येईपर्यंत ऑटो निघून गेली होती. बळीरामच्या दारात रक्ताचे थेंब, बाजूला उलटी पडलेली शिडी आणि कूलरच्या गवताचा सांडलेला ढीग, एवढंच उरलं होतं.

झालं होतं ते असं. मीटर लावणारा माणूस, धम्मानंद त्याचं नाव, खापरखेड्याहून मोटरसायकलवर येणारा, वय सव्वीस, बळीरामच्या दारात आला. "काका, मीटर पाहून घेतो," म्हणाला आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. बळीरामच्या हातात पंप खोलायचा लोखंडी पान्हा होता. तो उठला आणि एकदाच मारला. डोक्यात. नंतर तोच मटकन खाली बसला, स्वतःच्या गळ्यातला दुपट्टा सोडून त्या माणसाच्या डोक्याला बांधला, त्याला ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं, आणि तिथून चालत पोलीस ठाण्यात गेला.

"बळीराम?" वस्तीतला जो तो हेच विचारत होता. "आपला बळीराम?"

प्रेमिलाबाईंनी पहिल्या तासातच स्वतःला निर्दोष सोडून दिलं. उन्हात राबणारा माणूस, डोकं तापलं असेल. घरात काही बिनसलं असेल. फळ्याचा काय संबंध? फळ्यावर मुडदे पाडले तेव्हा कोणी मेलं होतं काय? विहार समितीचे सचिव रामाजी दुपारी घाईघाईनं आले. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "बाई, फळा पुसून टाकतो मी. पोलीस येतील. लाल खडूचं नाव काढू नका, नाहीतर विहाराले त्रास होईल, फळा कायमचा बंद होईल." बाई फणकारल्या, "पुसायचं काम माझं हाये. मी उद्या सकाळी पुसीन, नेमानं. आज काहून पुसू? मी काय चोरी केली?" रामाजी गेले. बाईंना मात्र एक गोष्ट खटकली. त्यांना जर खरंच काही वाटत नव्हतं, तर आवाज इतका का चढला?

मंगळवारी संध्याकाळी यमुताई आली. यमुताई बळीरामची बायको. डोळे सुजलेले. नवरा जामिनावर सुटून घरी आला होता, पण आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"पोलिसायनं खूप खोदून विचारलं बाई," यमुताई म्हणाली. "काहून मारलं, कोणी सांगितलं का. ह्यानं एकच धरलं, माझं डोकं फिरलं. फळ्याचं नाव नाही काढलं. मी म्हटलं, काहून नाही सांगितलं जी? तर मले म्हणे, बाईचं नाव येईल. बाईनं मले अक्षर दिलं, मी बाईले ठाण्यात नेऊ काय?"

बाईंनी हातातला चहाचा कप बशीत ठेवला.  

"मंग खरं काय झालं होतं, यमू?"

"खरं? तो सकाळी फळा वाचून आला अन् मले म्हणे, आज लाल हाये, दार सोडून कुठं जायचं नाही. सकाळपासून पान्हा जवळ घेऊन बसला होता. मी हसली. तो नाही हसला."

रात्र बाईंनी कशी काढली ते आपण सोडून देऊ. पण प्रेमिला मेश्राम रडत बसणाऱ्यांपैकी नव्हत्या. सकाळी फळा लिहून झाला, तो पांढऱ्या खडूनं, आणि मोठ्यानं वाचायला कोणी आलं नाही. बाईंनी वही काढली आणि वस्तीत तपासाला निघाल्या. प्रत्येक घरी एकच प्रश्न: सोमवारचा फळा वाचून तू काय केलं? खरं सांग, मी मारणार नाही.

पहिली गोपिकाबाई. पंच्याहत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. म्हणाल्या, "मी तं कडी लावली अन् तिखटाचा डबा दाराशी ठेवला होता. आला तं डोळ्यात फेकीन म्हटलं." बाईंनी लिहून घेतलं. कोपऱ्यावरच्या पिंटूनं, जो दोन पोरांचा बाप होता, सांगितलं की त्यानं कुत्रं मोकळं सोडलं होतं. कोणी हसून फोटो काढला आणि मोबाईलवर सगळ्यांना पाठवला. बऱ्याच जणांनी काहीच केलं नव्हतं, नुसतं दार ओढून घेतलं होतं. चाळीस घरं झाली. मारलं होतं एकानंच. मास्तरणीच्या हिशेबात चाळीसांत एकोणचाळीस पास म्हणजे वर्ग उत्तम. बाईंना थोडं बरं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात सोनिकाचं घर आलं.

सोनिका नर्सिंग शिकत होती आणि त्याच सरकारी दवाखान्यात तिची ड्यूटी होती. मंगळवारी सकाळी धम्मानंदला घरी सोडलं तेव्हा ती तिथंच होती. "सात टाके पडले, मावशी," ती म्हणाली. "पण तो मारल्याचं बोलतच नव्हता. दुसरंच बोलून राहिला होता. म्हणे, त्या वस्तीत मी तीन घरी पाणी मागितलं, कोणीच दिलं नाही. एका आजीनं आतूनच हाकललं. म्हणे, असं मले आजवर कुठंच नाही झालं."

बाई पायरीवरच बसल्या. प्रज्ञानगरातल्या आज्या-पणज्या कधी काळी दुसऱ्याच्या विहिरीपासून लांब, ओंजळ धरून उभ्या राहिल्या होत्या, कोणी वरून ओतेल म्हणून. ही गोष्ट इथल्या प्रत्येक पोराला पाठ होती. बाईंनी स्वतःच ती वर्गात शंभरदा सांगितली होती. आणि याच वस्तीत मे महिन्याच्या उन्हात, आपल्याच एका पोराला तीन घरांनी घोटभर पाणी नाकारलं होतं. बाईंनी वही मिटली. चाळीसांत एकोणचाळीस पास नव्हते.

तरी त्यांना एक शेवटचा वाद घालून पाहायचा होता. त्यांचा जुना विद्यार्थी ऋषिकेश एका पेपरात मथळे लावायचं काम करायचा. बाईंनी फोन केला आणि गुरुवारी दुपारी मेट्रोनं बर्डीच्या बाजारात गेल्या. एका टपरीवर दोघांनी तर्री पोहे घेतले. ऋषिकेश आता टक्कल पडलेला गृहस्थ होता, पण बाईंसमोर प्लेट दोन्ही हातांनी धरूनच उभा राहिला. बाईंनी घडलेलं सगळं सांगितलं.

"बाई, तुम्ही उगीच जीवाले लावून घेऊन राहिल्या," तो म्हणाला. "भाषा आहे ही. महागाईनं कंबरडं मोडलं असं आम्ही रोज छापतो. त्यामुळं कोणी हाडाच्या डॉक्टरकडे जातं काय? लोकं समजतात. जो मारणारा असतो तो मारतेच, त्याले मथळा लागत नाही."

बाई खळखळून हसल्या. मुद्दा चांगला होता, शिष्य त्यांचाच होता. "हे मीही सोमवारी स्वतःले सांगितलं," त्या म्हणाल्या. "पण बळीराम मारणारा नव्हता गा. तीस वर्षांपासून पाहून राहिली मी त्याले. झुरळ उचलून बाहेर सोडणारा माणूस हाये तो."

ऋषिकेशनं चमचा प्लेटमध्ये ठेवला. मग म्हणाला, "खरं सांगू बाई? त्याले शब्द नाही लागला. त्याले तुम्ही लागल्या. आमचा पेपर सकाळी वाचतात अन् संध्याकाळी त्यात भजे बांधतात. आमच्या तोफेवर कोणी एवढा विश्वास ठेवत नाही. तुमच्या फळ्यावर ठेवतात."

"म्हणजे तुमच्यावर कोणाचा विश्वास नाही, म्हणून तुम्ही काहीही लिहायचं?"

"तसं नाही बाई..."

"मंग कसं? एखाद्या दिवशी एखाद्याचा बसला विश्वास, तर? तुले माहीत हाये काय, तुझा पेपर कोणत्या दारात कोण वाचून राहिला? तुझं एक वेळ सोड. मले तं माहीत होतं. मीच शिकवलं होतं त्याले, लाल म्हणजे खरं."

 पोह्यावरची तर्री गार होऊन वर तेलाचा थर आला होता. निघताना तो फक्त एवढंच म्हणाला, की आज रात्री मथळे लावताना त्याला त्रास होणार आहे. "होऊ दे," बाई म्हणाल्या. "काही मरत नाही त्यानं कोणी." आणि स्वतःच्याच वाक्यावर त्या क्षणभर थबकल्या.

बर्डीहून त्या घरी गेल्या नाहीत. थेट पोलीस ठाण्यात गेल्या. फौजदार तरुण होता, कामात बुडालेला. बाईंनी सोमवारचा फळा शब्दशः सांगितला, कोणत्या खडूनं लिहिला तेही सांगितलं, आणि लाल खडूचा वस्तीत काय अर्थ आहे ते नाल्याच्या पुरापासून समजावलं. फौजदाराला हसू आवरेना. "आजी, आता काय फळ्यावर गुन्हा दाखल करू? अन् खडूले अटक करू?"

"तुम्ही हसा," बाई म्हणाल्या, "पण हसता हसता लिहून घ्या. बळीरामनं मारलं हे खरं हाये अन् त्याची जी शिक्षा असेल ती त्यानं भोगावी. पण त्यानं ठाण्यात अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं माझ्याजवळ होतं. ते मी आणून दिलं. कोर्टात जे विचारतील ते मी सांगीन. सही कुठं करू?"

फौजदारानं हसणं थांबवलं आणि कागद पुढं ओढला. बाईंनी जबाब दोनदा वाचला, एका ठिकाणी त्याला दुरुस्ती करायला लावली, आणि ठसठशीत सही केली. बाहेर आल्यावर त्यांना चार दिवसांत पहिल्यांदा सणसणून भूक लागली.

रामाजी अर्थातच भडकले. समितीची बैठक बसवायची भाषा केली. "बसवा," बाई म्हणाल्या, "अन् मले फळ्यावरून काढायचं असेल तं काढा. पण उद्याचा फळा माझा हाये. तो मी लिहीन. परवापासून तुम्ही लिहा, तुमचं अक्षर कोणाले लागत असेल तं." रामाजींचं अक्षर सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. त्यांनी बैठकीचा विषय सोडून दिला.

शुक्रवारी सकाळी बाईंनी फडकं जरा जास्तच वेळ फिरवलं. मग लाल खडूची डबी उघडली. नळावरच्या बायकांनी लाल पाहिलं आणि बादल्या सोडून धावत आल्या. बाई लिहीत होत्या, सावकाश, शाळेतल्या सुलेखनासारखं:

"सोमवारी या फळ्यावर लाल खडूनं जे लिहिलं ते खोटं होतं. हल्ला कोणीही केला नव्हता. खापरखेड्याचा धम्मानंद आपल्या पोटापाण्यासाठी मीटर लावायला आला होता. त्यानं तीन घरी पाणी मागितलं. आपण दिलं नाही. त्याच्या डोक्यावर मारलं. सात टाके पडले. लिहिणारी मी, प्रेमिला मेश्राम."

दुसरी बातमी नव्हती. बाकी सगळा फळा काळाच ठेवला होता. बायका उभ्या राहून वाचत राहिल्या. गोपिकाबाईंनी अक्षर लावून लावून वाचलं आणि पदर तोंडाला लावून घरी गेल्या. बाईंनी जाहीर केलं की हा फळा तीन दिवस पुसला जाणार नाही. सोनिकानं त्याचा फोटो काढला. तो तिनं कोणाला पाठवला ते तेव्हा कोणी विचारलं नाही.

रविवारी सकाळी, नळ जाऊन जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, एक मोटरसायकल विहारासमोर थांबली. डोक्याला पांढरी पट्टी, त्यावरून हेल्मेट बसत नव्हतं म्हणून ते हँडलला लटकवलेलं. धम्मानंद. तो खाली उतरला, फळ्यासमोर आला आणि शेवटपर्यंत वाचलं. बाई बाजूलाच उभ्या होत्या. बाईंना वाटलं, आता हा काय म्हणतो!

"सात नाही बाई," तो म्हणाला. "नऊ."

"नऊ?"

"आत दोन, वर सात. आतले दिसत नाहीत."

बाईंनी दुसरं काही न बोलता तळहातानं "सात" पुसलं. हाताला लाल लागलं. त्यांनी तिथं "नऊ" लिहिलं. मग वळून त्याच्याकडे सरळ पाहिलं. "चूक माझी झाली, बेटा. ही नाही, आधीची. तुझ्या घरी येऊन सांगणार होती, तूच आला."

"फोटो पाहिला," धम्मानंद म्हणाला. त्यानं मोटरसायकलला बांधलेल्या पिशवीकडे हात केला. "बाई, आता तरी मीटर लावू देता काय?"

"मुळीच नाही. मी अर्ज दिला हाये. तुझ्या साहेबाले सांग, प्रेमिला मेश्राम कागदावर भांडते अन् कागदावरच जिंकते." बाईंनी विहाराच्या माठातून तांब्या भरला आणि त्याच्यासमोर धरला. "मीटर नाही. पाणी पी."

धम्मानंद हसला. हसताना टाके ओढले म्हणून त्यानं पट्टीवर हात ठेवला, आणि तसाच, एका हातानं, त्यानं अख्खा तांब्या रिकामा केला. गर्दी जमली होती. ती अचानक दोन्हीकडे सरली.

बळीराम आला होता. मागून यमुताई. आठवडाभरात माणूस अर्धा झाला होता. त्यानं धम्मानंदकडे पाहिलं नाही, पाहवलं नसणार. तो फळ्यासमोर आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला आणि तोंडातल्या तोंडात वाचायला लागला, तीस वर्षांपूर्वी वाचायचा तसा.

 बाईंनी आवाज वर्गातलाच लावला. "जोरात वाच, बळीराम. मागच्याले ऐकू गेलं पाहिजे."

बळीरामनं खाकरून घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. हल्ला कोणीही केला नव्हता. तीन घरी पाणी मागितलं. आपण दिलं नाही. आवाज हळूहळू वर चढला, खणखणीत झाला, पार कोपऱ्यावरच्या पिंटूच्या दारापर्यंत गेला. "नऊ टाके पडले," त्यानं वाचलं आणि तिथं तो अडखळला, पण थांबला नाही. "लिहिणारी मी, प्रेमिला मेश्राम."

फळ्यावरची अक्षरं तिथं संपली होती. बळीराम मात्र पुढं वाचत राहिला, काळ्या रिकाम्या जागेकडे पाहत, तितक्याच जोरात.

"मारणारा मी, बळीराम."

बाईंनी हातातला लाल खडू त्याच्यापुढं केला. त्यानं तो घेतला आणि बाईंच्या नावाखाली लिहायला सुरुवात केली.